शीलूची पाठमोरी खुर्ची

...आन् वरून मलाच म्हणते, "बाबा, तुमच्यावर भरवसा हाय, पण लेकरू उलटंच बसणार." आता तुमीच सांगा, भरवसा हाय तर मग 'पण' कशाला? कोण म्हणते? आमची सुकेशनी, माझी सख्खी लेक. कोणाला म्हणते? मला, तात्यारावला, ज्यानं बत्तीस वर्षं एसटी चालवली त्याला! पालम, गंगाखेड, मानवत, परभणी... ह्या रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा मला ओळखायचा, मी त्याला ओळखायचो, आमचं चांगलं जमायचं. रिटायर झालो तवा डेपोत सत्कार झाला, शाल दिली, नारळ दिला, साहेब माईक हातात घेऊन म्हणले, "तात्यारावांची सेवा, बत्तीस वर्षं, विनाअपघात." लोकांनी टाळ्या वाजवल्या. ही सुकेशनी पहिल्या लाइनीत बसून टाळ्या वाजवायलती. आन् आज तीच मला खुर्चीचा पट्टा कसा आवळायचा ते शिकवायली!

तुमाला सांगतो, भानगड काय झाली. सुकेशनी पुण्याला नर्स हाय, लहान लेकरांच्या वॉर्डात. जावई धम्मानंद कंपनीत, त्याची ड्युटी कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. सुकेशनीला दोन महिन्यांच्या ट्रेनिंगला दुसऱ्या गावाला जायचं होतं, मग लेकरू कुठं ठेवायचं? लेकरू म्हणजे शीलू, माझी नात, धम्मशीला नाव हाय तिचं, पावणेतीन वर्षांची. कुठं ठेवायचं म्हणजे? आबाकडं ठेवायचं, पालमला! दोन महिने नात घरात राहणार म्हणल्यावर आमच्या मंडळीला, रुख्मिणीला, काय करू आन् काय न्हाई असं झालं. मी तर अंगणवाडीच्या ताईला जाऊन सांगून बी आलो, आमची शीलू येणार म्हणून. खोटं कशाला बोलू, मला लय आनंद झालता. नात वर्षातून दोनदा दिसती, तीबी फोनवरून ओळखीची झाल्यावाणी लांबूनच बघती. दोन महिन्यांत आबा कोण हाय ते कळलं असतं की तिला.

तर बाई पुण्याहून आली, लेकरू आणलं, आन् लेकराच्या मागून ही गाडीत बांधायची लेकराची खुर्ची आणली. म्हणली, "शीलू गाडीत बसली की ह्यातच बसणार, तोंड मागं करून बसणार. मी चार दिवस राहून बघते, मग ठेवायचं का न्हाई ते ठरवते." म्हणजे परीक्षा! माझी! बत्तीस वर्षं विनाअपघात आन् आता साठी ओलांडल्यावर परीक्षा!

बरं, ती खुर्ची तरी केवढी. मी रिटायर झाल्यावर एक छोटी पांढरी गाडी घेतली, सेकंडहँड. त्यात मागच्या शिटावर डावीकडं ती खुर्ची बांधायची, तर पुढचं शीट सरकवत सरकवत पार पुढं न्यावं लागलं. रुख्मिणीचे गुडघे जाऊन डॅशबोर्डाला टेकले. ती म्हणली, "आवो, मी बसलेय का अडकलेय?" बांधायला तास लागला. हा पट्टा ह्यातून, तो पट्टा त्यातून, गुडघा टेकवून दाबायचं, हलवून बघायचं, परत आवळायचं... इतकं तर आमी एसटीच्या टपावर नांगर बांधताना बी आवळत नव्हतो. मी म्हणलं, बाई, असं कर, पुढं माझ्या बाजूला बांध, मला तिचं तोंड तरी दिसंल. तर म्हणे पुढं गाडीत हवेचा फुगा हाय, तो फुटला की लेकराला मार लागतो, पुढं बिल्कुल न्हाई. म्हणलं, बरं, मागं तर मागं, पण तोंड तरी पुढं कर? एक वर्षाचं तान्हं लेकरू असतं तर गोष्ट येगळी. एवढी मोठी झाली, पाय बघ तिचे, दुमडून बसायली बिचारी.

तवा ती उठली, कमरेवर हात ठेवला, आन् वॉर्डातल्या आवाजात म्हणली, "बाबा, ह्या वयात लेकराचं डोकं जड असतंय आन् मान कच्ची. गाडी थांबली तरी डोकं थांबत न्हाई, ते पुढं जातंय. मागं तोंड असलं की सगळा मार पाठ घेती. पाय दुमडले तर दुमडू द्या. मान गेली तर मी काय करू? चार वर्षांची होईस्तोवर उलटंच."

आता वॉर्डात तिनं काय बघितलंय ते तिला ठाऊक. मी इचारलं न्हाई. पण माझ्या मनात काय आलं? गाडी थांबली तर... अरे पण गाडी अशी थांबंलच कशाला? चालवणार कोण हाय? बत्तीस वर्षं, विनाअपघात!

शेजारचा बन्सीधर, किराणा दुकान हाय त्याचं, तो बघायला आला. गाडीभोवती एक चक्कर मारली, खिडकीत डोकं घातलं, आन् मला म्हणतो, "तात्या, लेकराला काय गुन्हा झाला म्हणून भिंतीकडं तोंड करून बसवलंय?" मग त्यानं त्याची कहाणी सांगितली. "आमची चार लेकरं एका मोटारसायकलवर मोठी झाली. एक टाकीवर, दोन मधी, एक त्यांच्या मायच्या कडंवर. कोणाला काय झालं?" मी म्हणलं, काय न्हाई झालं. म्हणलं खरं, पण सुकेशनी आतून ऐकायलती, म्हणून हळू म्हणलं.

असे दोन दिवस गेले, तिसऱ्या दिवशी आला रविवार. रुख्मिणीचा भाऊ किशनराव, राणीसावरगावला असतो, त्यानं घर बांधलं, तिथं बुद्धवंदना आन् जेवण होतं. मामाच्याच घरची वास्तू म्हणल्यावर आहेर जंगी पाहिजे. रुख्मिणीनं पाण्याची स्टीलची टाकी घेतली, पन्नास लिटरची. म्हणलं, आगं, ही टाकी डिक्कीत बसंल का टाकीत डिक्की बसंल? बसली, पण डिक्कीचं दार काही लागंना. मी सुतळी घेतली आन् दार ओढून बांधलं. टाकीच्या बाजूला आहेराच्या कपड्याची पिशवी ठेवली, पेढ्याचा डबा ठेवला. सुकेशनी तवा आत शीलूचे पट्टे आवळायलती म्हणून तिचं ध्यान नव्हतं, न्हाईतर तिथंच अडली असती. ड्रायव्हरची गाठ हाय म्हणलं, सुटणार न्हाई. आन् इमानदारीनं सांगतो, गाठ सुटलीच न्हाई.

निघालो. आता मी पडलो ड्रायव्हर माणूस, आन् मागं माझी नात बसलेली, तिचं तोंड मला दिसंना. काय दिसायचं तर खुर्चीची पाठ. आन् ती तिकडं गायला लागली, गोड गायली हो, आन् मला दिसतंय काय, काळं प्लास्टिक! मग मी एक काम केलं... जे बत्तीस वर्षांत कधी केलं न्हाई. वरचा आरसा फिरवला. मागचा रस्ता बघायचा आरसा मी शीलूवर लावला. तरी तोंड दिसलंच न्हाई, डोक्यावरची लाल रिबीन तेवढी दिसायली. म्हणलं, चालंल, रिबीन तर रिबीन.

आन् ती पोरगी काय खुशीत! आमाला सगळ्यांना पुढचं दिसायलंय, तिला एकटीलाच मागचं. गेलेल्या प्रत्येक गोष्टीला टाटा करायली. "म्हैस टाटा. झाड टाटा. एसटी टाटा." एसटीला टाटा केलं तवा मी बी हळूच हात हलवला, पण असू द्या.

पुढं एका फाट्यावर म्हातारी उभी. डोक्यावर गठुडं, उन्हाचा कहर, आन् तिनं हात दाखवला. आता हात दाखवला की माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो, ही आदत हाय बत्तीस वर्षांची, त्याला मी काय करू? सुकेशनी म्हणली, "बाबा, ही एसटी न्हाई." म्हणलं, ठाऊक हाय गं, पण म्हातारं माणूस उन्हात टाकून पुढं जायचं, असं आपल्यात हाय का? थांबलो. चतुराबाई म्हणून होती, लेकीकडं राणीसावरगावलाच निघालती. तिचं गठुडं मी मागच्या फटीतून डिक्कीत सारलं. ती माझ्या पाठीमागच्या जागेवर बसली, मधी सुकेशनी, पलीकडं शीलू. बसल्या बसल्या खुर्चीकडं बघून म्हणाली, "आगं माय, लेकराला मांडीवर घ्या की, कशाला कोंडलं तिला?" सुकेशनीनं सांगितलं, न्हाई, ती अशीच बसती, आन् तुमी बी पट्टा लावा. तर म्हातारी म्हणते, "मला कशाला बांधती? मी काय म्हैस हाय का दावं तोडून पळाया?" मी हसलो. मनातल्या मनात म्हणलं, बघ, सगळा तालुका माझ्या बाजूनं हाय.

आन् बोलायला लय होती म्हातारी. माझा आवाज ऐकला आन् म्हणली, "तुमी ते एसटीचे तात्याराव नव्हं?" बघा, आता आली का गंमत! चार माणसांत, लेकीसमोर, परक्या बाईनं वळखलं. मी म्हणलं, होय, तोच मी. "लय बसलेय म्या तुमच्या गाडीत." म्हणलं, बत्तीस वर्षं चालवली, मावशी, विनाअपघात... सुकेशनीला ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानंच म्हणलं. तिकडं शीलूचं चालूच, "टाटा पेढा." म्हणलं, हां बाळा, टाटा. "टाटा पिशवी." हां, टाटा. आता पावणेतीन वर्षाचं लेकरू काय काय बोलत असतं, सगळ्याकडं ध्यान द्यायचं का? रुख्मिणी म्हणली, "बोलायला किती लागलीय न्हाई!"

मग शीलू म्हणली, "आजीचं गठुडं टाटा."

चतुराबाई वळली. तिनं मागं बघितलं आन् अशी वरडली, अशी वरडली... "माझं गठुडं!" मी पटकन आरशात बघितलं. आरशात काय? लाल रिबीन! मागं गाडी हाय का, माणूस हाय का, काय हाय, काय कळंना, आन् मारला ब्रेक. करकचून. झालतं असं, की टाकीच्या काठानं सुतळी कापली होती, गाठ जाग्यावरच, सुतळी मधूनच तुटलेली, डिक्कीचं दार आभाळाकडं, आन् किशनरावाचा आहेर अर्धा मैलभर रस्त्यावर वाटत आलो होतो आमी. आन् शीलूला एकटीला दिसायलं होतं ते, एकटी सांगायलती, आन् आमी तिला म्हणायलो, हां बाळा, टाटा.

ब्रेक मारला तवा काय काय झालं ते ऐका. रुख्मिणीला पट्ट्यानं आवळून धरलं, चष्मा मात्र उडून तिच्या मांडीवर. टाकी डिक्कीतून सरकली आन् मागच्या शिटाच्या पाठीवर धाडदिशी आदळली. चतुराबाई उठली जाग्यावरून, तिचं कपाळ माझ्या शिटाच्या दांड्यावर लागलं, आन् हे एवढं टेंगूळ. आन् शीलू? मी मान वळवेस्तोवर माझा जीव निम्मा झालता. ती खुर्चीत पाठ टेकून, पाय दुमडून, जशी होती तशी. मग म्हणली, "आबा, पुन्ना कर."

गाडी बाजूला घेतली, बाभळीखाली. एक मोटारसायकलवाला गठुडं आन् पिशवी घेऊन आला, भला माणूस, पेढे तेवढे गेले. सुकेशनीनं ओला रुमाल म्हातारीच्या कपाळावर धरला. मी आपला सुतळीला शिव्या देऊन घेतल्या, मग टाकीला दिल्या, मग म्हणलं, मावशी, माफ करा, असं माझ्याकडून कधी होत न्हाई, आख्खी नोकरी एकदा बी झालं न्हाई.

म्हातारी रुमाल धरून शांतपणे म्हणली, "झालतं की एकदा."

म्हणलं, कधी?

"मानवतच्या गाडीत. शेळी आडवी आलती. माझा गोपाळ मांडीवर व्हता, एवढाच व्हता, हिच्याएवढा. म्या घट्ट धरलं व्हतं त्याला, दोन्ही हातानं. तरी निसटला. म्होरच्या दांड्यावर त्वांड आपटलं, दोन दात पडले, हनुवटी फाटली. आजून वण हाय."

मी म्हणलं, मावशी, मला कसं ठाऊक न्हाई मग? मी इचारलं न्हाई?

"इचारलं की. तुमी मागं वळून मोठ्यानं इचारलं, कुनाला लागलं का म्हनून. म्याच न्हाई म्हनलं."

"न्हाई म्हणलं? कामून?"

"गाडीला उशीर व्हायलता. लोक वरडायलते. लेकराचं त्वांड पदरात दाबलं आन् म्हनलं, न्हाई लागलं, जाऊ द्या."

तुमाला सांगतो... आता काय सांगू. माझ्या गाडीला बत्तीस वर्षांत ओरखडा न्हाई, हे खरं हाय, ते खोटं न्हाई. शेळी बी वाचली असंल. पण पाठीमागं पन्नास माणसं असायची, आन् मी बसायचो पुढं तोंड करून. किती कपाळं, किती दात, किती मायांनी पदरात दाबून 'न्हाई लागलं' म्हणलं, ते कोणाला ठाऊक? मी कसली शेखी मिरवायलो होतो हो? बत्तीस वर्षं, विना... जाऊ द्या. मला लय वाईट वाटलं. गोपाळ आता कुठं हाय इचारलं. म्हणली, लातूरला हाय, चांगला हाय, फोटो काढायचा म्हणलं की तेवढा वण झाकतो. म्हातारीचा माझ्यावर काही राग नव्हता. तेच लय लागलं.

मी उठलो, आधी आरसा सरळ केला. मग सुकेशनीला म्हणलं, त्या पट्ट्याचं ते कसं आवळायचं, एकदा परत दाखव. तिनं दाखवलं. मी सोडला, परत बांधला, गुडघा टेकवून दाबला, हलवून बघितलं. ती म्हणली, "बोटं घालून बघा बाबा, खांद्यावर चिमटीत येतो का पट्टा. यायला न्हाई पाहिजे." आला न्हाई. मग चतुराबाईला म्हणलं, मावशी, म्हैस म्हणा का काय म्हणा, पट्टा लावल्याबिगर गाडी हलणार न्हाई. तिनं गुमान लावून घेतला. किशनरावाकडं गेलो, टाकीला पोचा आलता, त्यो तोंड वाकडं करून म्हणला, "भावजी, नवीच हाय ना?" म्हणलं, नवीच हाय, प्रवास लय झालाय तिचा.

चौथ्या दिवशी सुकेशनीनं बॅग भरली. मी अंगणात बसून बघायलो, बॅग एकीची भरती का दोघींची. बत्तीस वर्षांत पेपरला बसलो न्हाई, पण निकालाची धडधड म्हणजे काय ते तवा कळलं. एकीचीच भरली. जाताना शीलूचा मुका घेतला, मला म्हणली, "येते बाबा." 'पण' बिण काही म्हणली न्हाई. ते मी ध्यानात ठेवलंय.

आता शीलू आमच्याकडं हाय. अंगणवाडी दहा मिनिटांवर हाय चालत, रुख्मिणी म्हणते, आवो, चालत न्या की, पट्टे आवळायलाच पंधरा मिनिटं लागायलीत तुमाला! बरोबर हाय तिचं. पण मला गाडीत न्यायला आवडतं, काय करू? मी पुढं बघून बोलतो, ती मागं बघून बोलती. कोणी हात दाखवला तर थांबतो, न्हाई असं न्हाई, पण आधी पट्टा, मग गाडी. त्यामुळं हात दाखवणारी माणसं बी कमी झालीत. आन् मी नातीचं तोंड बघायला म्हणून तिला ठेवून घेतली, तर गाडीत मला दिसतंय काय? काळं प्लास्टिक!

रोज चौकातून जाताना बन्सीधर दुकानातून वाकून बघतो, नात माझ्याकडं पाठ करून बसलेली दिसती, आन् वरडतो, "तात्या, नात रुसली का काय?" पहिले दोन दिवस थांबून समजावून सांगितलं, मान कच्ची असती, डोकं जड असतंय, पाठ मार घेती... त्याला काय पटलं न्हाई. आता सांगत बसत न्हाई. त्यानं इचारलं की काच खाली करतो आन् म्हणतो, होय बाबा, रुसलीय. चार वर्षांची होईस्तोवर निघणार न्हाई तिचा रुसवा, तिच्या मायनंच सांगितलंय.